खरूज जाते अन् पुन्हा येते: "रक्तच खराब आहे" म्हणायच्या आधी काय काय तपासायचं

समस्या अशी असते. मलम लावलं, आठ-पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा बोटांच्या बेचक्यात दाणे, मनगटाला, काखेत, बेंबीभोवती, पोरांच्या ढुंगणावर, अन् रात्री पांघरूण घेतलं का खाज सुरू. दुसऱ्यांदा औषध, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला घरातलं कोणी ना कोणी म्हणतेच का याचं रक्तच खराब आहे, अन् हल्ली मोबाइलवर वाचून "इम्युनिटीचा प्रॉब्लेम असंल, जेनेटिक असंल" हेही ऐकू येते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य सेवक आहो, हिवाळ्यात खरजेचे पेशंट रोजचेच, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. जेनेटिक कारण असतच नाही असं नाही, असते, पण त्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि नुसत्या खाजेवरून ते कळत नाही. त्याच्या आधी काही साध्या गोष्टी निस्तराव्या लागतात आणि बहुतेक घरांचं गाडं तिथंच अडकून असते.

पहिली गोष्ट, ती खरूजच आहे का?

आपल्या इकडं खाजेला कारणं कमी नाहीत. गजकर्ण गोल कडा धरून वाढते, जांघेत, कमरेला, आणि सहसा एक-दोन जागी असते. गाजरगवताची ॲलर्जी चेहरा, मान, कोपराच्या खोबणीत येते, निंदणाच्या दिवसांत वाढते, ज्याला शेतात जायचं आहे त्यालाच होते, घरातल्या सगळ्यांना नाही. ढेकूण-मच्छराचे गांधे उघड्या अंगावर असतात. खरूज मात्र रात्री जास्त खाजते, बेचक्या-मनगटाला धरते आणि घरात एकापेक्षा जास्त लोकांना असते. नीट पाहिलं तर बोटाच्या बाजूला केसाएवढी बारीक, वाकडीतिकडी, काही मिलिमीटरची रेघ दिसते, तेच खरजेच्या बारीक किड्याच्या मादीनं कातडीत पाडलेलं बोगदं. दिसत नसंल तर निळ्या शाईच्या पेनानं त्या जागेवर घासायचं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, वरची शाई निघून जाते आणि बोगद्यात शिरलेली शाई रेघ दाखवते. दर वेळी दिसंलच असं नाही, पण दिसली तर शंका राहत नाही. डॉक्टरकडं कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली किडा किंवा अंडं पाहता येते.

आता हा किडा कसा वागतो ते समजून घ्या, कारण औषध कुठं चुकते ते त्याच्यातच आहे. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, कातडीच्या वरच्या थरात राहते, रोज दोन-तीन अंडी घालते, अशी महिना-दीड महिना जगते. अंड्यातून तीन-चार दिवसांत पिल्लू निघते आणि दहा-पंधरा दिवसांत मोठं होते. चांगल्या तब्येतीच्या माणसाच्या अख्ख्या अंगावर असे किडे असतात फक्त १०-१५. एवढी खाज, एवढे दाणे, ते किड्यांनी चावून नाही, किडे, त्यांची अंडी, त्यांची घाण याच्यावर आपलं शरीर जे चिडते त्याची ती खाज आहे. आणि शरीर ओळखायला वेळ घेते, पहिल्यांदा खरूज झाली तर खाज सुरू व्हायला चार-सहा हप्ते लागतात, पहिले झालेली असंल तर एक ते चार दिवसांत सुरू होते. म्हणजे घरात ज्याला खाज नाही त्याच्या अंगावर किडा नाही असं बिलकुल समजू नका. तुम्ही औषध लावून मोकळे होता, तो बाजूला झोपलेला असतो, आणि महिनाभरानं पुन्हा तुम्हालाच.

म्हणून पहिला प्रश्न हाच, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावलं होतं का? सगळे म्हणजे सगळे, खाज असो नसो, आजोबा, पाळण्यातलं लेकरू, सालदार घरातच झोपत असंल तर तोही, अन् दिवाळीला आलेली पोरगी सासरी परत गेली असंल तर तिच्या घरीही फोन करा. आश्रमशाळेतून पोट्टं सुटीत घरी आलं, त्याला लावलं, ते परत त्याच हॉलमध्ये जाऊन त्याच गाद्यांवर झोपलं, तर तिथल्या सगळ्या पोरांचं एका दिवशी झाल्याशिवाय हे थांबणार नाही, ते हेडमास्तरांना अन् पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) सांगावं लागते.

दुसरा प्रश्न, लावलं कसं? नव्वद टक्के कथा इथं आहे असं म्हणणार होतो पण आकडा कोणी मोजला नाही, तर एवढंच म्हणतो का हे सगळ्यात जास्त चुकते. लोक दाण्यावर ठिपका-ठिपका लावतात. पर्मेथ्रिन पाच टक्के क्रीम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत अख्ख्या अंगाला लागते, जिथं दाणा नाही तिथंही. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम, म्हणजे एक छोटी ट्यूब पूर्ण, अन् आपल्याकडं एका ट्यूबमध्ये पाच जणांचं उरकवतात. लेकरं आणि म्हाताऱ्यांना डोकं, कपाळ, कानामागंही, डोळे-तोंड सोडून. नखं आधी कापायची, नखाच्या खाली, बोटांच्या मधात, बेंबीत, कमरेचा करदोडा सरकवून त्याच्या खाली, बांगड्या वर करून मनगटाला, गुप्तांगाला, ढुंगणाच्या फटीत. रात्री लावा, ८ ते १४ तास ठेवा, सकाळी अंघोळ. मधात हात धुतले, भांडे घासले, लेकराची शी धुतली, तर हाताला पुन्हा लावा, बायांच्या हातावरची खरूज जात नाही त्याचं हेच एक कारण मी कित्येकदा पाहतो, त्यांना रात्री लावून झोपायला कोणी देतच नाही. आणि सात दिवसांनी सगळं पुन्हा एकदा, सगळ्यांनी. दुसरी खेप चुकली तर वाचलेल्या अंड्यांतून निघालेले किडे नवीन संसार मांडतात.

गोळीचंही तसंच. आयव्हरमेक्टिन कोरोनापासून सगळ्यांना माहीत झाली. ती वजनाप्रमाणं, किलोला २०० मायक्रोग्रॅम, जेवणानंतर, आणि एक-दोन हप्त्यांनी दुसरा डोस, कारण गोळी अंड्यांना मारत नाही. एक जण मला म्हणाला का आम्ही हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्या तेव्हा त्याच्यात ही पण होती, मग खरूज काऊन नाही गेली? नागपूर जिल्ह्यात तीन औषधांचा तो डोस दिला गेला हे खरं आहे, पण तो एक डोस हत्तीरोगासाठी आहे, खरजेला दोन लागतात. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या लेकराला आणि गर्भवतीला ही गोळी द्यायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काय लावायचं ते डॉक्टरच सांगतील, गंधकाचं मलम देतात बहुतेक.

आणि हो, ढोराच्या गोचिडाचं औषध, कपाशीच्या फवारणीचं औषध पाण्यात टाकून अंघोळ करू नका. "त्याच्यातही तेच पर्मेथ्रिनसारखं असते ना भाऊ" म्हणून सांगतात. नाव सारखं वाटते, पण किती तीव्र आहे, कोणत्या तेलात मिसळलं आहे ते वेगळं. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली, हे मी कोणाला सांगायची गरज नसावी.

कपडे-पांघरुणाचं फार डोक्यात घेऊ नका, पण सोडूही नका. अंगावरून खाली पडलेला किडा सहसा दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही, ५० अंश उष्णतेला दहा मिनिटांत मरते. औषध लावलं त्या सकाळी अंगावरचे कपडे, चादर, दुलई, टॉवेल उकळत्या पाण्यात, नाहीतर दिवसभर कडक उन्हात पसरून. वाकळ धुता येत नाही तर प्लास्टिकच्या पोत्यात घालून तोंड बांधून तीन दिवस ठेवा. बाज, भिंती फवारायच्या नाहीत, गाई-बकऱ्यांना दोष देऊ नका, त्यांच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर टिकत नाही, थोडे दिवस खाजवून जाते.

तिसरी गोष्ट, दोन हप्ते झाले तरी खाज आहे म्हणजे औषध फेल असं नाही. मेलेले किडे कातडीतच असतात, ते झडून जाईपर्यंत दोन ते चार हप्ते खाज राहू शकते, अंडकोषावर किंवा काखेत लालसर गाठी महिनोन् महिने राहतात. तेवढ्या काळात लोक रोज रोज क्रीम लावून कातडी जाळून घेतात आणि मग त्या जळजळीलाच खरूज समजून अजून लावतात. नवीन रेघा, नवीन दाणे निघतायत का ते पाहा. महिन्याच्या वर गेलं आणि नवीन निघतायत, तर तो पुन्हा झालेला संसर्ग किंवा औषध नीट न लागणं.

इथपर्यंत सगळं बरोबर केलं असंल अन् तरीही फिरून येत असंल, तर आता शरीराच्या ताकदीकडं बघायची वेळ आली. पण इथंही पहिला संशयित जनुक नाही, ट्यूब आहे.

मेडिकलमधून विचारून आणलेली दाद-खाज-खुजलीची ट्यूब, तीन-चार औषधं एकत्र असलेली. खोका फिरवून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं नाव असंल तर ते स्टेरॉइड आहे. त्यानं दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश, आणि आतमध्ये किड्यांना रान मोकळं, कारण जे चिडून त्यांना आटोक्यात ठेवत होतं त्यालाच तुम्ही झोपवलं. दाणे ओळखू न येण्यासारखे होतात, डॉक्टरही फसतात. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारनं नियम कडक केले, तरी गावाच्या दुकानात काय चालते ते तुम्हालाही माहीत आहे. दुसरं, गुडघेदुखीच्या पुड्या. बिननावाच्या, कागदात बांधलेल्या, "एका पुडीत चालायला लागते" अशा. त्यांच्यात बऱ्याचदा पोटात घ्यायचं स्टेरॉइडच असते. ते बंद करतानाही एकदम बंद करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू.

याचं एक उदाहरण डोळ्यासमोरून जात नाही. एका घरी सगळ्यांना औषध, दोन-दोन खेपा, सगळं नियमानं, तरी फिरून खरूज. आजी तेवढी सोडलेली, कारण आजीला खाजच नव्हती. सून म्हणे, "बुढीचे हातपाय नुसते कोरडे पडले जी, राख निघते." आजीचे तळहात पाहिले तर पिवळट-करड्या रंगाचा जाड पापुद्रा, भेगा पडलेला, नखं फुगून उचकलेली, कोपरावर तसाच थर, अन् बाजेखाली रोज झाडून काढावा इतका कोंडा. सून रोज तो कोंडा झाडायची आणि त्याच बाजेवर नातू खेळायचा. ही पापुद्र्याची खरूज. १०-१५ किड्यांच्या जागी हजारो, कधी लाखो. खाज कमी किंवा नाहीच, म्हणून कोणी दवाखान्यात आणत नाही, आणि आजूबाजूच्या वीस जणांना तिथूनच मिळते. आजी पुड्या खात होती.

अशी खरूज पहिल्यांदा १८४८ साली नॉर्वेत कुष्ठरोग्यांमध्ये नोंदली गेली. आपल्यासाठी हे लांबचं नाही, दत्तपूर, आनंदवन हे कुष्ठरोग्यांचे आश्रम आपल्याच भागात उभे राहिले ते उगीच नाही, विदर्भात कुष्ठरोग आजही शोधला की सापडतो. बधिर कातडीला खाज कळत नाही, वाकड्या बोटांनी खाजवता येत नाही, किडे बिनधास्त वाढतात. म्हणून असा पापुद्रा दिसला तर अंगावर बधिर चट्टा आहे का, तेही पाहून घ्यायचं. लकवा मारलेला माणूस, एचआयव्ही, कॅन्सरचे किंवा किडनी बदलल्यानंतरचे औषधं, डाऊन सिंड्रोमची लेकरं-मोठी माणसं, यांच्यातही ही होते. काही जणांत कारण सापडतच नाही. उपचार दवाखान्यातच, गोळी पहिल्या-दुसऱ्या, आठव्या-नवव्या, पंधराव्या दिवशी, जास्त असंल तर पुढंही, जोडीला पर्मेथ्रिन वारंवार, आणि पापुद्रा नरम करायला सॅलिसिलिक ॲसिड नाहीतर युरियाचं मलम, नाहीतर औषध आत पोचतच नाही. अशा पेशंटच्या कपड्यांची पिशवी तीन नाही, सात दिवस बंद ठेवा.

आता जेनेटिक. जन्मजात रोगप्रतिकार कमी असण्याचे शेकडो प्रकार आहेत, प्रत्येक विरळ. नुसती खरूज फिरून येते आणि बाकी पोट्टं धष्टपुष्ट, तर त्याच्यामागं हे असण्याची शक्यता फार कमी. हे प्रश्न विचारा. वर्षात दोनदा निमोनिया झाला का? कान सारखा वाहते का? वर्षाच्या वर वय झालं तरी तोंडात पांढरा थर येत राहते का? महिना-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, वजन वाढत नाही, आत खोल गळवं होतात, बीसीजीची जागा चिघळून काखेत गाठ फुटली? आणि घराण्याचं विचारा, आईचे भाऊ, मावशीची पोरं, लहानपणी "असंच तापानं" गेली का? काही दोष आईकडून येतात अन् पोरांनाच होतात, पोरी वाचतात. मामाच्या-आत्याच्या पोरीशी लग्न झालेलं असंल तर दुसऱ्या प्रकारचे दोष दोन्हीकडून एकत्र यायची शक्यता वाढते. हे विचारताना सासूसमोर विचारू नका, सगळं खापर सुनेच्या माहेरावर फुटते.

एक-दोन प्रकार कातडीच्या त्रासाशी सरळ जोडलेले आहेत. चेहऱ्याच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे वेगळे किडे असतात, जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला असतात, एरवी काही करत नाहीत. पण ज्या लेकराला लहानपणापासून तोंडात पांढरा थर, नखांना बुरशी, आणि त्याच्या जोडीला गाल-नाक-पापण्या लाल, दाणेदार, डोळे चिकट, अन् औषधानं जाऊन पुन्हा पुन्हा येते, त्याच्यात स्टॅट-वन नावाच्या जनुकातला दोष असू शकते. २०११ साली तो ओळखला गेला, आणि आता अशा लेकरांमध्ये डेमोडेक्स माजल्याचंही दिसून आलं आहे. आई किंवा बाप, एकाकडूनही येते, पुढच्या प्रत्येक लेकरात निम्मी शक्यता. दुसरं, हायपर आयजीई, म्हणजे रक्तातलं आयजीई नावाचं ॲलर्जीत वाढणारं प्रथिन फार वाढलेलं असण्याचा जन्मजात आजार. थंड गळवं, म्हणजे लाल-गरम न होणारे, फुप्फुसात वारंवार संसर्ग, जन्मापासून चट्टे, आणि एक गंमतशीर खूण, दुधाचे दात वेळेवर पडतच नाहीत, नवीन दात मागून येतात अन् जुने जागेवरच. पण रक्तात आयजीई वाढला एवढ्यावरून घाबरू नका, तो खरजेनं वाढते, जंतानं वाढते, एक्झिमानं वाढते, आपल्या गावात रिपोर्ट काढला तर कित्येकांचा वाढलेलाच निघंल.

सिकलसेलचं मला नेहमी विचारतात, जेनेटिक म्हटलं का आपल्याकडं तेच आठवते. सिकलमुळं खरूज होत नाही. पण एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेल्या लेकराची प्लीहा कामातून गेलेली असते, त्यामुळं काही जंतू त्याच्यात फार लवकर रक्तात पसरतात. म्हणून खरजेचे फोड पिकले आणि ताप आला तर त्याला दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

तपासायचं कुठून सुरू? पीएचसीत सीबीसी (रक्ताच्या पेशींची मोजणी), शुगर, आणि एचआयव्ही, तो सरकारी दवाखान्यात फुकट आणि गुपचूप होते. लहान बाळात सीबीसीतला लिम्फोसाइटचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आकडा फार कमी असंल तर ती घाईची गोष्ट आहे. मग आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई, ही रक्तातली रोगप्रतिकाराची प्रथिनं. हे सेवाग्रामला, नागपूरच्या मेडिकलला किंवा एम्सला बालरोग किंवा त्वचारोग विभागात दाखवून करून घ्या, पुढची खास तपासणी मुंबईला परळच्या केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे तिथं होते. ऑनलाइन "इम्युनिटी बूस्टर" मागवून त्यातलं काही होत नाही, जन्मजात दोषाला तर नाहीच.

कधी कधी उलटंही असते. माणूस काडेपेटीत कचरा-धागे आणून दाखवते, हेच किडे अंगातून निघतात म्हणते, कातडी खरवडून पाहिलं तर काहीच नाही, दोन-तीन ठिकाणी पाहिलं तरी नाही. त्याची हसी करू नका, त्याला ते खरंच जाणवते, झोप उडालेली असते. पण त्याला अजून अजून क्रीम देऊन भागत नाही, त्वचावाले आणि मनाचे डॉक्टर मिळून पाहतात.

आणि हे दिसलं तर लगेच न्यायचं, थांबायचं नाही: खरूज पिकल्यावर काही हप्त्यांनी सकाळी चेहरा-पापण्या सुजल्या, लघवी लाल किंवा चहासारखी काळपट झाली. पिकलेल्या खरजेतल्या जंतूनं किडनीवर सूज येते, पोरांमध्ये विशेष, आणि लोक "मिठानं सूज आली" म्हणून घरी बसतात.

दवाखान्यात जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबांचे, गोळ्यांचे खोके एका पिशवीत टाकून न्या, पुडी असंल तर पुडीही. ट्यूब संपली असली तरी खोका ठेवा. आणि घरातल्या ज्या माणसाला खाज नाही, त्यालाही गाडीत बसवा.